समुद्र दारी, पण आयोडीन ताटात?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. जेथे खारा वारा घरात शिरतो आणि मीठही समुद्राचेच, तेथे आयोडीनची वानवा कोठून, असा समज म्हणूनच दृढ आहे. तो चुकीचा आहे. मिठागरातील साध्या मिठात आयोडीन नगण्य असते. सैंधवाचीही तीच गत. ते मुद्दाम मिसळावे लागते. अशा मिठाने गलगंड हटतो, हे कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या डॉ. रामलिंगस्वामी यांच्या प्रयोगाने दाखविले. तरीही साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्राने २००० साली उठविली. २००६ साली ती पुन्हा घालावी लागली.

कायदा मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. प्रौढाला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला २५०. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावे, असा दंडक आहे. म्हणजे रक्तदाबाच्या धास्तीने पाचच ग्रॅम मीठ खाणाऱ्यास त्यातून ७५ मायक्रोग्रॅमचीच हमी. उरलेले समुद्रातील मासळी, अंडी, दूधदही यांतून यावयास हवे. मासळी वर्ज्य असलेल्या घराने ‘नैसर्गिक’ म्हणून उपवासाचे सैंधव रोजच्या आमटीत आणले, तर ही तूट वाढते. आणि तिची सर्वांत जबर किंमत गर्भातील मुलाच्या मेंदूला मोजावी लागते.

मीठ कमी खावे, हे योग्यच. परंतु जे खावे ते आयोडीनयुक्त असावे आणि त्याची बरणी घट्ट झाकलेली असावी.