आमचे गुलाब, त्यांची न्याहारी

ज्या गृहस्थाने ‘गुलाबाला रोज सकाळी भरपूर पाणी द्यावे’ असे पहिल्यांदा छापले, त्याला मी एकदा मे महिन्यात पाटोद्याला राहायला बोलावणार आहे. चहा देईन, पोटभर जेवू घालीन, पण अंघोळीला पाणी एकच तांब्या! बागकामाची पुष्कळ पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. त्यांतली माती नेहमी भुसभुशीत असते, ऊन ‘कोवळे’ असते आणि माळी वेळेवर येतो. आमच्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर माती म्हणजे वीतभर मुरूम, ऊन म्हणजे बेचाळीस अंश, आणि माळी दिवाळी झाली की ऊसतोडीला. पाऊस? तो २०१५ साली तोंडच दाखवत नाही, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारांची पाटी घेऊन अवेळी येतो, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात असा आला, की जन्मभर टँकरची वाट पाहिलेल्या माणसांना बोटीची वाट पाहावी लागली.

एवढं सगळं सोसून एखादी कळी फुगते, आणि रात्री हरीण येतं.

हे गुलाब आमच्या मेहुण्यांनी पुण्याहून आणलेले. मेहुणे आले की नेहमी असं काहीतरी आणतात जे पोसायचं आपण. घर गावाच्या टोकाला, पलीकडे उघडा माळ. आमच्याकडे काळवीट आहे, चिंकारा आहे, रोही आहे. शास्त्राप्रमाणे ही हरणं नव्हेतच, हे ‘कुरंग’. ज्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात ते ‘सारंग’. पण सकाळी उठून गुलाबाच्या जागी काटक्या पाहिल्यावर हा फरक आठवत नाही. त्यात मोर. नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ साली झालं, तेही आमच्याच तालुक्यात. तेव्हा राष्ट्रीय पक्षी आमच्या झेंडूची कोवळी रोपं टिपताना पाहण्याचं भाग्य पुणेकरांना नाही, आम्हाला आहे.

मग सुरू होतात उपाय. आपल्या देशात वैद्य नसलेल्या गावात औषध सांगणारे जास्त असतात. एकाने न्हाव्याच्या दुकानातले केस पसरायला सांगितले. दुसऱ्याने जुन्या कॅसेटची फीत ताणायला सांगितली, ती वाऱ्याने गुणगुणते म्हणे. तिसरा म्हणाला, जुन्या साड्या बांधा. शेतकरी बांधतातच. आमच्या सौ.ने तीन साड्या दिल्या. हरणं दोन दिवस बुजली, तिसऱ्या दिवशी खालून आली. शेजारच्या बायका मात्र आठवडाभर कुंपणापाशी थांबून “ही वास्तुशांतीची ना हो काकू?” म्हणून चौकशी करीत होत्या. अमेरिकेत म्हणे हरणांसाठी झाडाला साबणाच्या वड्या टांगतात. आमच्याकडे टांगल्या तर हरणाच्या आधी साबण जाईल.

इथवर हसायला हरकत नाही. पण एके दिवशी आमचे शेजारी आप्पा म्हणाले, “गुरुजी, येवढं कामून सोसता? तारंत करंट सोडा की. एका रात्रीत हिशोब मिटतो.”

आप्पा वाईट माणूस नव्हे. अडीअडचणीला पहिला धावून येतो. म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटलं. अहो, घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची. तारेला डोळे नसतात. तिला हरीण कळत नाही, वासरू कळत नाही, पहाटे दुधाची किटली घेऊन येणारं पोर कळत नाही, आणि रात्री उठून बॅटरी न घेता बाहेर पडलेला खुद्द मालक तर मुळीच कळत नाही. अशा तारांना चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो. दुकानात मिळतं ते झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा धक्का देऊन सोडून देतं. ही थेट खांबावरची वीज सोडत नाही, धरून ठेवते. शिवाय काळवीट आणि चिंकारा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. हा कायदा १९७२ चा. त्यांना मारलं तर तीन ते सात वर्षं. म्हणजे चार गुलाबांसाठी मी तुरुंगात, आणि बागेला पाणी घालायला पुन्हा मेहुणे!

“मग शेतकऱ्यानं काय करावं?” आप्पाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ज्याची दुबार पेरलेली ज्वारी रात्रीत जाते त्याला मी उपदेश करणार नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती कशी मिळते हे आपण सगळे जाणतो. माझं भांडण आम्हा पांढरपेशांशी आहे. आमचं पोट गुलाबावर नाही. हौसेसाठी जीव घेण्याची मुभा कुणी दिली?

आणि हरणाने तरी काय करावं? चिंकारा पाणी न पिता दिवसेंदिवस काढतो, पानांतला ओलावा त्याला पुरतो. पण पानं तरी हवीत ना! मे महिन्यात मैलभर माळ करपलेला, आणि मध्ये आपण एक हिरवागार गुलाब लावून ठेवतो. तहानलेल्यापुढे उसाचा रस धरायचा आणि तो प्यायला म्हणून बोंब मारायची!

तेव्हा माझं साधं म्हणणं असं, की बाग पुस्तकातली नको, इथली लावा. कण्हेर लावा. तिचा चीक विषारी. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. मात्र घरात लहान मूल असेल तर जपा. सदाफुली लावा, कडू असते आणि दुष्काळातही हसते. बोगनवेल तर काट्यांसकट स्वतःच कुंपण आहे. मोगरा, जास्वंद हवीच असेल तर आतल्या अंगणात, भिंतीच्या आड. बुंध्याशी उसाचं पाचट घाला, शेजारी एक मडकं पुरा, बुडाला भोक पाडून वात घाला. दिवसभर पाणी मुरत राहतं.

“टँकरच्या गावात फुलं कसली?” म्हणून नाक मुरडणारेही आहेत. त्यांनी आमच्याकडे यावं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि भांडी विसळलेलं पाणी, एवढ्यावर माझी बाग उभी आहे. पिण्याचा थेंब तिला मिळत नाही. दुष्काळात माणसाने फक्त वैरण आणि धान्यच बघावं, हा नियम दुष्काळ न भोगलेल्यांनी केलेला दिसतो.

किडीचं म्हणाल तर, ती पुस्तकात असते त्याहून शहाणी आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की लोक औषधाच्या दुकानात पळतात. आधी खोडावर चढणाऱ्या मुंग्या बघा. त्या ढेकणाचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. आमच्याकडे काही पुढारी आणि कार्यकर्ते यांचं जे नातं असतं, तेच. मुंग्यांची वाट तोडा, पाण्याची पिचकारी मारा, पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. कपाशीचं जहाल औषध मोगऱ्यावर मारून तोच गजरा लेकीच्या केसात माळणारी माणसं मी पाहिली आहेत. कण्हेरीवर पिवळा मावा पडतो, पडू द्या. ढालकिडे येतात आणि त्याचा समाचार घेतात. त्यांना पगार द्यावा लागत नाही.

आता हरीण फिरकत नाही, मावा आटोक्यात आहे. राहता राहिली पहाटे साडेपाचला परडी घेऊन येणारी मंडळी. जिल्ह्यात परळी वैजनाथाचं ज्योतिर्लिंग, त्यामुळे महादेवाचे भक्त उदंड, आणि महादेवाला तर कण्हेर चालते, तगर चालते. यांच्यावर निंबोळी अर्काचा परिणाम होत नाही. काल आप्पाच फांदी वाकवताना दिसले. मला पाहून जराही न दचकता म्हणाले, “गुरुजी, पांढरी कण्हेर अजून एक लावा की. हिची वरची फुलं हाताला येईनात.”