गाइड फेका, वही काढा

कॉलेजात गेलेल्या माझ्या तमाम भावाबहिणींनो,

तुमचे निबंध वाचले. मी मॅट्रिक, गोदीत कंत्राटावर पोलादी कॉइलींना स्लिंग लावणारा माणूस. तरी तुम्ही निबंध माझ्याकडे आणता, कारण मी कविता लिहितो आणि फी घेत नाही. सतरा पोरांचे सतरा निबंध. सतराही एकच. ‘लेखकाची भाषा ओघवती आहे.’ ‘कादंबरी वाचकाला अंतर्मुख करते.’ आयला, कुणाला केलं अंतर्मुख? तुला केलं? कितव्या पानावर?

पान माहीत नाय. कारण पुस्तक उघडलेलंच नाय. गाइड उघडलं, क्लासच्या नोट्स उघडल्या, आणि आता तर मोबाइलमधली मशीन आहेच. बोट लावलं की निबंध ओकते. गाइडापेक्षा गुळगुळीत.

ह्याला मी आळस म्हणत नाही. आळस माफ करता येतो. हे उष्टं आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टं-शिळं सोडा म्हणून बजावलं. आपल्या आज्या-पणज्यांनी भाकरीचं उष्टं सोडलं, उपास काढले. आणि तू फी भरून, रांगेत उभा राहून, दुसऱ्याने चघळलेलं मत तोंडात घालतोस. वर मिटक्या मारतोस, पास झालो म्हणून.

प्राध्यापकाची ह्याला हरकत नाही. छापील उत्तर तपासायला सोपं. मग ‘ह्या पोरांना भाषाच नाही’ असं स्टाफरूममध्ये म्हणायला तो मोकळा. भाषा आहे रे! सिनेमा कुठे फसला ते नाक्यावर तू अर्धा तास सांगतोस, पुराव्यानिशी, शिव्यांसकट. पेपरला बसलास की मुका होतोस. मधल्या मधे जीभ कुणी कापली?

तर वाचनवही. दोनशे पानी वही घे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे पुस्तक, उजवीकडे तू. जे वाक्य टोचलं ते डावीकडे उतरव, पान नंबर टाक. उजवीकडे काय टोचलं ते लिही. ‘भारी वाटलं’ चालणार नाही; का भारी, ते लिही. पटलं नाही, कळलं नाही, लेखक थापा मारतोय, माझ्या आईने हीच गोष्ट वेगळी सांगितली होती, काहीही. उजव्या बाजूला ऱ्हस्वदीर्घ माफ. ‘न’ का ‘ण’ ह्या धसक्यानेच आपल्या निम्म्या पोरांचं पेन सुकतं. ते निबंध पक्का करताना बघू.

ही रेघ माझी नाही. अमेरिकेत ॲन बर्थॉफ नावाच्या बाई कॉलेजातल्या पोरांना अशी दुहेरी वही लिहायला लावायच्या. १९८१च्या पुस्तकात त्यांनी ती मांडलीय. त्यांचा आग्रह एवढाच की नोंद करून थांबायचं नाही. आपल्याच नोंदीकडे परत यायचं, तिच्यावर पुन्हा नोंद करायची.

एक पोरगा ‘फकिरा’ वाचत होता. अण्णा भाऊंची १९५९ची कादंबरी. गाइडात उत्तर तयार: फकिरा शूर, उदार, कनवाळू. पोराने वहीत लिहिलं, ‘दुष्काळात ह्याने धान्य लुटून वाटलं. हा गुन्हा का नाही?’ तीन दिवसांनी त्याच्याखाली, ‘कायद्याने गुन्हाच. पण माणसं मरू देणारा कायदा कुणाचा?’ आठवड्याने तिसरी नोंद, ‘रेशनवाला तांदूळ दाबतो, त्याला चोर कुणी म्हणत नाही.’

झाला की निबंध! म्हणजे व्हायचाय अजून, पण हाडं आली. आता सगळ्या नोंदी एकदम वाचायच्या. ज्या प्रश्नाकडे तू परत परत जातोस तो तुझा विषय. त्याला एका वाक्यात उत्तर दे, ते तुझं म्हणणं. मग कादंबरीत परत घूस. तुझ्या बाजूने बोलणाऱ्या जागा काढ आणि तुझ्या विरुद्ध जाणाऱ्याही काढ. विरुद्ध जागा लपवलीस तर तो निबंध नव्हे, निवडणुकीचं पत्रक. रेशनवाल्याचं काय करायचं, असं पोराने विचारलं. मी म्हटलं ठेव, पण एकाच परिच्छेदात. नाहीतर तोच हिरो होतो आणि फकिरा कोपऱ्यात.

हे सगळं परदेशी फॅड वाटत असेल तर आपल्या घरातला पुरावा घ्या. ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी जातीवर निबंध वाचतो. भिंतीवरच्या फोटोतले बाबासाहेब नव्हेत, विद्यार्थी भीमराव. ‘कास्ट्स इन इंडिया’. त्याची बांधणी बघा. आधी चार पंडितांच्या व्याख्या समोर मांडल्या: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर. ही डावी बाजू. मग एकेकाला धरलं. सेनार विटाळावर बोट ठेवतो, तर विटाळ हे जातीचं खास लक्षणच नव्हे. नेसफिल्ड बाहेरच्यांशी न जेवण्याची गोष्ट करतो, तर त्याने परिणामालाच कारण समजलं. रिस्लेत नवं काही नाही. केतकरांना मात्र दाद दिली, आणि दाद देऊन वर सांगितलं की तुम्ही दोन म्हणता ती लक्षणं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एवढं झाल्यावर स्वतःचं म्हणणं: जातीतल्या जातीत लग्न, हाच जातीचा कणा, आणि तो टिकवायलाच सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त हा निबंध छापून आला. कॉलेजातला निबंध, दोस्तहो! आणि तुम्ही जयंतीला त्यांच्या नावाचं स्टेटस ठेवता, ते वाक्य त्यांचं आहे का हे न बघता.

आपल्यातलेच काही दाढीवाले विद्रोही म्हणतात, निबंध हा बामणी खेळ, आपण कविता करू, घोषणा देऊ. कविता मीही करतो. पण घोषणेला प्रश्न विचारला की ती मोठ्याने तीच घोषणा देते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ताबाईचा निबंध छापला. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं तिने. बामण म्हणतात वेद फक्त आमचे. मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्माचे कसे? दुसऱ्याचं वाक्य उचलून त्याच्यावरच उलटवलंय. पुढे घराला छप्पर नसलेल्या बाळंतिणीचं दुःख मांडलंय, ते कुठल्या पोथीतून आणलेलं नाही. डावी-उजवी दोन्ही बाजू त्या पोरीने भरल्या. बामणी खेळ म्हणे!

वेळ नाही, हे मला सांगू नका. क्रेन बंद पडली की आमची गँग बसून राहते, दहा मिनिटं, कधी तासभर. तेवढ्यात एक नोंद होते. माझी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, पावसाने आणि ग्रीसने खराब होऊ नये म्हणून. सध्या डाव्या बाजूला बागूलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे. उजवीकडे अकरा पानं झालीत, आणि आठव्या पानावर मी बागूलांशी भांडतोय.