युरिक आम्लाचा जमाखर्च

मद्य नाही, मांस नाही, कंदमूळही वर्ज्य. तरीही मध्यरात्री पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही आणि तपासणीत युरिक आम्ल वाढलेले निघते. अशा वेळी अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो डाळ बंद करण्याचा. शाकाहारी ताटातील प्रथिनांचा मुख्य आधार त्यामुळे जातो. रोग मात्र बहुधा जागच्या जागी राहतो.

याचे कारण जमाखर्च मांडला की कळते. पेशींतील प्युरीन या घटकाचे विघटन होऊन युरिक आम्ल बनते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग शरीरातच तयार होतो. आहाराचा वाटा उरलेला एक तृतीयांश. खर्चाची मुख्य जबाबदारी मूत्रपिंडांवर असते आणि बहुतेक रुग्णांत उणीव तिथेच असते. आनुवंशिकता, स्थूलता, मूत्रपिंडाचे विकार व रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे. रक्तातील प्रमाण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर टिकून राहिले की सुईसारखे स्फटिक सांध्यांत साठू शकतात. त्यांनी दाह निर्माण केला की तो गाऊट.

अमेरिकेतील पुरुषांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांस व मासे यांच्या सेवनाने गाऊटचा धोका वाढलेला आढळला; डाळी, मटार, पालक यांनी तो वाढला नाही आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाने घटला. वाढ करणाऱ्यांत गोड शीतपेयांचाही समावेश होतो. म्हणून दुकानातील गादीवर दिवसभर येणारी सरबते व शीतपेये आधी थांबवावीत; वाटीभर वरण राहू द्यावे.

जैन कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे असा विषय उपवासाचा. निराहार अवस्थेत शरीर चरबी जाळते. त्यातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये युरिक आम्लाच्या उत्सर्जनात अडथळा आणतात. पाणीही वर्ज्य असल्यास भर पडते. त्यामुळे अठ्ठाईच्या काळात किंवा पारण्यानंतर गाऊटचा झटका येण्याचा संभव असतो. ज्यांना हा विकार आहे त्यांनी पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नित्य चौविहार करणाऱ्यांनी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाणी विभागून घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

औषधाबाबतही गैरसमज आहेत. झटक्यातील वेदना शमवणारी औषधे वेगळी आणि आम्ल घटवणारी वेगळी. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्यास मूत्रपिंडांस अपाय होऊ शकतो. ॲलोप्युरिनॉलसारखे औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात; आम्ल 6 च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते. आरंभीच्या महिन्यांत साठलेले स्फटिक विरघळताना पुन्हा झटके येऊ शकतात. हे औषधाचे अपयश समजून अनेक जण ते सोडतात, तसे करू नये. अंगावर पुरळ उठल्यास मात्र औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. वेदना थांबल्यावरही उपचार चालू ठेवावे लागतात. उलट, त्रास काहीच नसून केवळ अहवालातील आकडा वाढला असेल तर सहसा औषधाची गरज नसते.

बाह्य तपांत अनशनाबरोबर ऊनोदरी व रसपरित्यागही सांगितले आहेत. चार घास कमी खाणे आणि गोडाचा त्याग करणे ही दोन्ही तपे वजन सावकाश उतरवतात व मूत्रपिंडांवर एकदम ताण आणत नाहीत. सोळा भावनांतील 'शक्तितस्तप' ही भावना शक्तीनुसार तप करण्यास सांगते. घरातील वडीलधाऱ्यांनी यंदा अठ्ठाईऐवजी ऊनोदरी स्वीकारली, तर घरच्यांनी त्यात न्यूनता मानू नये. तीही तपश्चर्याच आहे.