आधी वीस मिनिटं, मग चेंडू



गुढीपाडव्याचा हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर इथल्या मुलांचा फुटबॉलचा हंगाम सुरू झालेला असेल. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभं राहा. सामना नऊचा, गाडी येते नऊला पाच कमी असताना. बुटांच्या नाड्या गाडीतच बांधल्या जातात, पराठ्याचा शेवटचा घास अजून तोंडात असतो आणि पोर थेट मैदानात. मग ते गुडघा धरून बसलं की आपण नशिबाला बोल लावतो.

अशा वेळी मला आमचं धाराशिव आठवतं. त्याची ओळख खो-खोची. तिथली सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ साली दिल्लीत विश्वचषक जिंकलेल्या संघातली अश्विनी शिंदेही धाराशिवचीच. खो मिळताच बसल्या जागेवरून उसळायचं, हुलकावणी देताना एका पायावर गर्रकन वळायचं, खांबापाशी अंग झोकून द्यायचं. गुडघ्या-घोट्याची परीक्षा फुटबॉलइतकीच कडक. आमचे सर आधी मैदानातले खडे वेचायला लावत, मग फेऱ्या, मग बैठका. खो-खो त्यानंतर. तेव्हा आम्हाला तो निव्वळ जाच वाटे.

त्याच शिस्तीला फुटबॉलमध्ये ‘फिफा ११ प्लस’ म्हणतात. धावणं, ताकद, तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, असा वीस मिनिटांचा क्रम. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर याचा अभ्यास झाला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी दिसल्या. मुलींच्या आईवडिलांनी हे जरा जास्तच मनावर घ्यावं, कारण गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच अधिक असतो.

इतकं करूनही पाय मुरगळला, की हळद-तेल लावून चोळायची आपली सवय. पहिले दोन दिवस तरी चोळू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टर गाठा. डोक्याला मार लागून भोवळ आली किंवा मळमळलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, अंतिम सामना असला तरी. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी चेंडूला डोकं लावूच नये, असा नियम अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ सालीच केला आहे. कडेवरून ‘हेड मार, हेड!’ ओरडणाऱ्या बाबांनी याची नोंद घ्यावी.

मंडळाच्या उन्हाळी स्पर्धेत यंदा प्रत्येक संघाने सामन्याच्या अर्धा तास आधी मैदानावर हजर राहायचं आहे. वॉर्म-अप न केलेला संघ खेळवला जाणार नाही. हे व्यायाम घेऊ शकतील अशा पालकांनी महिनाअखेरपर्यंत कार्यकारिणीकडे नावं द्यावीत.