शेततळ्याचा तळ आणि जिवाणूंचा चुना

यवतमाळ जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरीही बोंडे भरण्याच्या काळात पावसाने ताण दिला, की कोरडवाहू कापूस होरपळतो. अशा वेळी पिकाला एक-दोन संरक्षित पाणी देता यावे, या हेतूने राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात बाजूंचा उतार धरूनही २० लाख लिटरहून अधिक पाणी मावते. प्रश्न आहे तो हे पाणी टिकण्याचा.

खोदाई काळ्या मातीखालच्या मुरुमात पोहोचली, की तळ पाणी धरत नाही. प्लास्टिकचे अस्तर हा त्यावरचा रूढ उपाय. मात्र ते खर्चिक असते, फाटते आणि त्याच्या निसरड्या उतारावरून घसरलेल्या माणसा-जनावरांना वर येणे कठीण होते. त्यामुळे जिवाणूंकरवी मातीतच चुनखडी तयार करून झिरपा रोखण्याच्या तंत्राकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

‘स्पोरोसार्सिना पाश्चुरी’ हा जमिनीत आढळणारा जिवाणू युरियाचे विघटन करतो. त्यातून तयार होणारे कार्बोनेट कॅल्शियमशी संयोग पावते आणि कणांमधील पोकळीत चुनखडी साचते. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे याच खनिजाचे असतात. निसर्गाला दीर्घ काळ लागणारे काम येथे काही दिवसांत होते. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये वाळूतील तळ्याच्या नमुन्यावर हा प्रयोग केला, तेव्हा वाळूची पाणी झिरपू देण्याची क्षमता सुमारे हजारपटीने घटली.

तथापि, प्रयोगशाळेतील वाळू म्हणजे यवतमाळचा मुरूम नव्हे. चिकण काळ्या मातीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की जिवाणूंना त्यांतून वाट मिळत नाही. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या या मातीत चुनखडीचा ठिसूळ थर टिकणेही अवघड. म्हणजे या तंत्राला वाव आहे तो मुरमाड तळाशीच. शिवाय झिरपा थांबला, तरी बाष्पीभवन थांबत नाही.

खरी अडचण रसायनशास्त्राच्या हिशेबात आहे. १०० किलो चुनखडीसाठी ६० किलो युरिया लागतो आणि त्यातून सुमारे ३६ किलो अमोनियम मोकळे होते. ते धुऊन काढले नाही, तर जमिनीत त्याचे नायट्रेट होऊन शेजारच्या विहिरीत उतरू शकते. त्याच विहिरीचे पाणी गाव पिते. तसेच शेतीसाठीचा अनुदानित युरिया अशा कामाकडे वळविता येणार नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आणखी एक भेद विसरता कामा नये. पाझर तलावाचे कामच पाणी जिरविण्याचे असते. त्याचा तळ बंद करणे म्हणजे खालच्या विहिरींचे पाणी तोडणे. साठवण कुठे आणि जिरवण कुठे, हे आधी ठरले पाहिजे.

म्हणून घाई नको, पण दुर्लक्षही नको. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जिल्ह्यातील मोजक्या मुरमाड तळ्यांवर चाचण्या घ्याव्यात. तळ्यातील पाण्याची पातळी आणि भोवतालच्या विहिरींतील नायट्रेट या दोन्हींची किमान दोन-तीन पावसाळे नोंद ठेवावी. त्यानंतरच अनुदानाचा विचार व्हावा. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्याला अपुऱ्या प्रयोगाची किंमत मोजायला लावणे परवडणारे नाही.