ही चाई नव्हे!

बाळापूरच्या किल्ल्याजवळून वाहणाऱ्या दोन नद्यांपैकी एकीचे नाव म्हैस आणि दुसरीचे मन. या दुसऱ्या नदीला पूर आला की सारे गाव काठावर येऊन पाहते. घरातल्या लेकराच्या मनाला आलेला पूर मात्र कोणाला दिसत नाही. दिसते ते फक्त डोक्यावरचे टक्कल!

सातवी-आठवीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. अभ्यासाला बसली की तिचा हात नकळत डोक्याकडे जातो. बोटे एखादा जाडसर केस शोधतात आणि तो उपटतात. क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि पुढच्याच क्षणी लाज. महिन्या-दोन महिन्यांत टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी होते. मग आजी विचारते, ‘‘काय वं, पोट्टीच्या डोक्याले चाई लागली काय?’’ लसूण चोळला जातो, कोणी तेल सुचवतो, कोणी अंगारा आणतो. खरी गोष्ट फक्त त्या मुलीला ठाऊक असते आणि ती भीतीपोटी बोलत नाही.

चाईचा चट्टा बहुधा गोल आणि गुळगुळीत असतो. उपटलेल्या जागी मात्र आखूड, तुटके, कमी-जास्त लांबीचे केस दिसतात आणि चट्ट्याची कडही वेडीवाकडी असते. भुवया किंवा पापण्या विरळ झाल्या असतील, तर शंका अधिक घ्यावी. निदान अर्थातच त्वचारोगतज्ज्ञाने करायचे. कारण गजकर्णानेही केस तुटतात.

या विकाराला नाव मिळून शतक उलटले. १८८९ साली आलोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने त्याला ‘ट्रायकोटिलोमेनिया’ म्हटले. नावातल्या ‘मेनिया’ने मोठा घोटाळा केला. हे वेड नव्हे, खोडही नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्याला पुनःपुन्हा हात धूत राहण्यासारख्या विकारांच्या शेजारी जागा मिळाली आहे. शंभरात सुमारे एकाला तो असतो, असे पाहण्यांवरून दिसते. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी दहा मुले असू शकतात. सुरुवात बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास होते. कधी ताणामुळे, कधी कंटाळ्यामुळे, तर कधी वाचताना हाताचा हाताला पत्ता नसताना केस उपटले जातात.

आपण काय करतो? रागावतो, हातावर मारतो, नाहीतर मुंडण करून टाकतो. ‘‘असं डोकं असलं तर तुला कोण करून घेईल?’’ असे आईच बोलून जाते. त्याने ताण वाढतो आणि हात पुन्हा डोक्याकडे जातो. ज्याला आपण उपाय समजतो, तोच विकाराला खतपाणी घालतो.

खरा उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. १९७३ साली अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटवण्याची पद्धत मांडली. हात केव्हा, कुठे, कोणत्या प्रसंगी वर जातो, याची आधी वहीत नोंद करायची. ऊर्मी आली की मूठ घट्ट आवळायची किंवा हातात काही धरायचे आणि ती ओसरेपर्यंत थांबायचे. अभ्यासाच्या वेळी डोक्याला रुमाल बांधावा किंवा बोटांना चिकटपट्टी लावावी. घरच्यांनी चूक मोजू नये, जमलेला दिवस मोजावा. आजवर या विकारावर सर्वांत भरवशाची ठरलेली पद्धत हीच होय.

औषधांचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. २००९ साली ५० प्रौढांवर झालेल्या चाचणीत एन-ॲसिटिलसिस्टीन घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना गुण आला. २०१३ मध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र तो फायदा दिसला नाही. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या आणून मुलांना देऊ नयेत.

एक गोष्ट मात्र टाळाटाळीची नाही. काही मुले उपटलेला केस गिळतात. केस पचत नाही. त्याचा पोटात गोळा बनतो आणि कधी कधी तो शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो. पोटदुखी, उलट्या, घटते वजन आणि डोक्यावर विरळ जागा हे एकत्र दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाळापूरहून अकोला पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. तेवढेही जमत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. खरे अंतर किलोमीटरचे नाहीच. ‘मानसिक’ हा शब्द ऐकताच आपण घराचे दार लावून घेतो, ते अंतर मोठे आहे.

म्हणून शिक्षकांनी वर्गात कोणाची टोपी किंवा रुमाल ओढून काढू नये. आईने वेणी घालताना विरळ जागा दिसली, तर ओरडण्याआधी जवळ बसावे आणि विचारावे, ‘‘हात आपोआप जातो का गं?’’ या एका प्रश्नाने लेकराला कळते की आपण एकटे नाही. उपचार तिथूनच सुरू होतो.