प्रिंटर बिघडलाय की नुसता चुकलाय?

मैत्रिणींनो, २०२० साली शाळा घरात आली, ती परत गेली; पण तिच्यासाठी घेतलेला प्रिंटर मात्र बऱ्याच घरांत शिलाई मशीनशेजारी बसला तो बसलाच. मुलांच्या प्रकल्पाची चित्रं, आधार कार्डाची प्रत, सासूबाईंचे तपासणीचे कागद, सगळं घरच्या घरी निघतं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाची खेप वाचते. पण सकाळी प्रकल्प द्यायचा असतो, रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि नेमका तेव्हाच हा ‘ऑफलाइन’ अशी पाटी दाखवून स्वस्थ बसतो. मग घरात ते ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “आई, तू हात नको लावूस, बाबा आले की बघतील.”

हे वाक्य मला मुळीच पटत नाही. कुकरची शिट्टी का होत नाही हे आपण झाकण, रिंग, पाणी असं एकेक पाहून शोधतोच ना? इथंही तसंच करायचं.

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी घरी शिकवण्या घेतात. त्यांचा प्रिंटर दोन महिने गप्प होता. रोजचे सरावाचे कागद त्या दुकानातून पैसे देऊन काढून आणत होत्या, आणि प्रिंटर भंगारवाल्याला द्यायचंही जवळजवळ ठरलं होतं. झालं होतं एवढंच, की घरात नवं इंटरनेट घेतल्यामुळे राउटर बदलला. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नवा पासवर्ड घातला गेला, पण प्रिंटरला तो कुणी सांगितलाच नाही! तो बिचारा जुन्याच राउटरला हाका मारत बसला होता.

तेव्हा आधी हे ठरवा, की बिघाड यंत्रात आहे की संपर्कात. वर काच असलेला प्रिंटर असेल तर काचेवर एखादा कागद ठेवून त्याचीच झेरॉक्स काढा. छान निघाली? मग यंत्र, शाई, कागद सगळं ठीक आहे. बिनतारी संपर्क तेवढा तुटलाय. निघालीच नाही तर कागद अडकलाय का, शाई वाळलीय का, ते पाहा. तिथं वाय-फायला दोष देण्यात अर्थ नाही.

आता संपर्क असतो तिघांचा: राउटर, प्रिंटर आणि ज्यावरून छापायचं तो मोबाइल किंवा लॅपटॉप. तिघंही एकाच वाय-फायवर हवेत. वाय-फाय मंद म्हणून मुलानं ते बंद करून मोबाइलचा डेटा सुरू केला, की त्याच्या मोबाइलला प्रिंटर दिसायचा नाही, मग तो शेजारी ठेवला तरी! पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असलात तरी बहुधा तोच प्रकार. आणि यजमानांच्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल, तर कित्येकदा त्यामुळेही घरचा प्रिंटर दिसेनासा होतो. ते बंद करून पाहायला सांगा.

काही राउटर दोन नावं दाखवतात, त्यांतल्या एकापुढे ‘५जी’ असतं. मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीशी याचा काही संबंध नाही, बरं का. हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. आणि घरगुती, स्वस्तातले पुष्कळसे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा ओळखतात. म्हणून प्रिंटर नव्यानं जोडताना मोबाइल साध्या नावावर ठेवा. आणखी एक स्वयंपाकघरातली गोष्ट. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो. प्रिंटर किंवा राउटर त्याच्या शेजारी असेल, तर दूध गरम होईपर्यंत छपाई अडखळू शकते. त्यांची जागा थोडी लांब करा.

पासवर्ड बदलला असेल तर प्रिंटरच्या ‘वायरलेस सेटअप’मध्ये जाऊन आपलं वाय-फाय निवडायचं आणि पासवर्ड घालायचा. लहान आणि मोठी लिपी जशीच्या तशी हवी, हं! प्रिंटरला पडदा नसेल तर राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ अशी कळ आहे का पाहा. ती दाबायची आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरची वायरलेसची कळ, दिवा लुकलुकेपर्यंत, दाबून धरायची. दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. काही राउटरवर ही सोय सुरक्षिततेसाठी बंद असते, तेव्हा प्रिंटर कंपनीचं अॅप घ्यावं लागतं. कळा प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या, म्हणून ती पुस्तिका रद्दीत घालू नका.

पण सगळ्यात जास्त छळणारा प्रकार वेगळाच. काल चालत होतं, कुणी काही बदललं नाही, मध्ये फक्त वीज गेली आणि आली, आणि आज ऑफलाइन! याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दवाखान्यात गेलो की कंपाउंडर आपल्याला नंबर देतो ना, तसा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. हा नंबर कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला कधी कधी वेगळाच नंबर मिळतो. लॅपटॉपनं जुना नंबर लक्षात ठेवलेला असेल तर तो त्याच नंबरला पुकारत राहतो, आणि ओ द्यायला तिथं कुणी नसतं.

यावर आधी सोपा उपाय. तिन्ही यंत्रं बंद करा. प्रथम राउटर लावा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटं लागतात. मग प्रिंटर, शेवटी लॅपटॉप. क्रम महत्त्वाचा आहे, कारण कंपाउंडर जागेवर नसताना नंबर देणार कोण? एवढ्यानं भागलं नाही तर लॅपटॉपच्या यादीतून प्रिंटर काढून टाकून पुन्हा नव्यानं जोडा. आणि वीज वरचेवर जात असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एकच पत्ता राखून ठेवता येतो. हे काम घरातल्या कॉलेजकन्येला द्या किंवा इंटरनेटवाला येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या. कायमची कटकट मिटते.

नंबर मिळालाय की नाही हेही पाहता येतं. बहुतेक प्रिंटर आपल्या संपर्काची माहिती स्वतःच एका पानावर छापून देतात किंवा पडद्यावर दाखवतात. त्यात आयपी पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं नंबर दिलेलाच नाही, प्रिंटरनं स्वतःच एक घेतलाय. म्हणजे अडचण त्या दोघांतली आहे. घरगुती राउटरचा खरा नंबर बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. तो दिसला तर प्रिंटरला त्रास देऊ नका, लॅपटॉपकडे वळा.

लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रांग तुंबलेली असते. कागद येत नाही म्हणून प्रत्येकानं चार-चारदा ‘प्रिंट’ दाबलेलं असतं! ती रांग उघडून सगळी कामं रद्द करा, आणि तिथल्या मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ असेल तर त्यावरची खूण काढा. शिवाय विंडोजला मुभा दिलेली असली तर ते शेवटी वापरलेल्या प्रिंटरलाच मुख्य मानतं. आदल्या दिवशी कुणी पीडीएफ बनवली असेल तर आपला कागदही निमूट पीडीएफ होऊन बसतो. तेव्हा छापताना वरचं नाव वाचा.

जुन्या प्रिंटरवर मोबाइलवरून छापण्यासाठी गुगलची ‘क्लाउड प्रिंट’ ही सोय होती, ती ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाली. तिच्यावरच विसंबून असलात तर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीचं अॅप किंवा मोबाइलमधली प्रिंटची सोय वापरा.

‘फॅक्टरी रीसेट’ची कळ मात्र उतावीळपणे दाबू नका. प्रिंटर वाय-फायचं नाव, पासवर्ड सगळं विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून ओवी गावी लागते.

आणि ज्यांचं रोजचं काम कागदांवर आहे, माझ्यासारख्या शिकवणाऱ्या, त्यांनी एक यूएसबी वायर खणात ठेवावीच. एक टोक चौकोनी, ते प्रिंटरमागे जातं. दुसरं चपटं, ते लॅपटॉपला. नव्या लॅपटॉपची खाच लहान असेल तर जोडणीचा तुकडाही आणून ठेवा. रात्री साडेदहाला वाय-फायशी झगडण्यापेक्षा वायर लावावी, कागद काढावेत आणि निजावं. वाय-फायचं उद्या दुपारी, निवांत.